देव आहे की नाही, हा वाद कसा करावा

मराठवाड्यात हा विषय निघायला निमित्त लागत नाही. सप्ताहातल्या काल्याच्या पंगतीत, महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत, दहाव्याच्या विधीवरून घरात झालेल्या कुरबुरीत किंवा पेरणीनंतर पावसाने दडी मारली की पारावर कोणीतरी "देव असता तर" अशी सुरुवात करतो आणि दुसरा "देव नाही हे तू सिद्ध करून दाखव" असे म्हणून त्याला अडवतो. पहिला उत्तर देतो, "आहे म्हणणाऱ्याने आधी सिद्ध करावे." यानंतर बहुधा आवाज तेवढे चढत जातात आणि मुद्दा जागचा हलत नाही. हे मार्गदर्शन त्या दोघांसाठी आहे. देवाच्या अस्तित्वाचा निकाल येथे दिलेला नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर, केव्हा आणि किती येते, आणि आल्यावर ती कशी पार पाडावी, एवढाच याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही जबाबदारी आस्तिकाला किंवा नास्तिकाला कायमची चिकटलेली नसते. जो जे विधान करील त्या विधानाबरोबर ती त्याच्याकडे येते, आणि तासाभराच्या चर्चेत ती तीन-चार वेळा इकडून तिकडे जाऊ शकते.

आधी चर्चेचा प्रकार ठरवावा

न्यायदर्शनाने, म्हणजे तर्क आणि वादाचे नियम सांगणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनाने, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावे म्हणून दोन्ही बाजूंनी प्रमाणे देऊन जी चर्चा होते तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छलाचा आधार घेऊनही जी केली जाते तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करत राहणे ही वितंडा. आपल्याकडे आस्तिक बहुधा जल्पात घसरतो, कारण त्याला भोवतालच्या लोकांसमोर हरायचे नसते. नास्तिक बहुधा वितंडेत घसरतो, कारण "मी काही म्हणतच नाही, तुम्हीच सिद्ध करा" ही जागा फार सोयीची असते. आपल्याला यांपैकी काय करायचे आहे, हे बसण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना स्पष्ट विचारावे. जल्पच करायचा असेल तर तोही करावा, पण मग त्यातून कोणाचे मत बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरी अट मराठवाड्याला विशेष जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छत्रपती संभाजीनगर येथे १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ही दोन्ही नावे 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथातून आली आहेत. त्यात राजा मिलिंद वाद करण्याची इच्छा दर्शवतो तेव्हा भिक्खू नागसेन त्याला सांगतात, की तुम्ही पंडितांसारखा वाद करणार असाल तर मी करीन, राजांसारखा करणार असाल तर करणार नाही. पंडितांच्या वादात गुंता उकलला जातो, चूक दाखवली जाते, ती मान्य होते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक विधान करतो आणि त्याला विरोध करणाऱ्याला दंड ठोठावतो.

ही अट आजही जशीच्या तशी लावता येते. घरात वडील, शाळेत मुख्याध्यापक आणि सप्ताहात मोठी वर्गणी देणारा माणूस हे राजाच्या जागी असतात. मात्र पुरोगामी मुलींच्या वसतिगृहात चतुर्थीचा उपवास धरणारी एकटी मुलगी बसलेली असेल तर तेथे राजेपण तिच्या मैत्रिणींकडे असते, हेही विसरू नये. वयाने किंवा अधिकाराने मोठ्या माणसाशी हा विषय काढायचा असेल तर "बोल, मी मनात धरणार नाही" असे त्याच्या तोंडून आधी यावे. तसे आले नाही तर त्या दिवशी विषय सोडून द्यावा. आरतीची ताटे हातात असताना किंवा घरात सुतक असताना तो काढूच नये. कीर्तनकाराला "महाराज" म्हटल्याने नास्तिकाचे काही जात नाही आणि नास्तिक मुलाला "सर" किंवा "दादा" म्हटल्याने महाराजांचेही काही जात नाही.

विधान कागदावर लिहावे

वादाचे निम्मे काम येथे होते, आणि नेमके हेच कोणी करत नाही. "देव आहे" हे एक वाक्य दिसते, पण त्याच्या पोटात निदान चार वेगळी विधाने असतात. या विश्वाला कोणी कर्ता आहे, हे एक. तो माणसाच्या प्रार्थना ऐकतो आणि त्यानुसार घटना घडवतो, म्हणजे नवसाला पावतो, हे दुसरे. अमुक ग्रंथ हे त्याचे वचन आहे किंवा अमुक पुरुष हा त्याचा अवतार आहे, हे तिसरे. आणि मला त्याच्या सान्निध्याचा अनुभव येतो, हे चौथे. पहिले सिद्ध झाले तरी दुसरे सिद्ध होत नाही, कारण जग निर्माण करून कर्ता अलिप्त राहिला असेही असू शकते. आणि चौथे खोडता आले नाही म्हणून तिसरे खरे ठरत नाही.

"देव नाही" या वाक्याचेही तसेच आहे. देव आहे हे मला पटलेले नाही. सर्वशक्तिमान आणि सर्वदयाळू अशा देवाची कल्पनाच विसंगत आहे. कोणत्याही प्रकारचा देव कोठेही नाही. देव मानल्याने माणसाचे नुकसान होते, ही चार विधाने आहेत. पहिल्याचे ओझे जवळजवळ काहीच नाही, तिसऱ्याचे प्रचंड आहे आणि चौथ्याचा तर अस्तित्वाशी संबंधच नाही.

म्हणून वहीचे एक पान घ्यावे, प्रत्येकाने आपले विधान त्यावर एका वाक्यात लिहावे आणि ते पान दोघांच्या मध्ये ठेवावे. पुढे कोणी घसरला की त्या पानाकडे बोट दाखवता येते. वादात हरल्याच्या ज्या खुणा न्यायसूत्रांनी सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतले एक आहे प्रतिज्ञांतर, म्हणजे अडचण आली की मूळ प्रतिज्ञा, म्हणजे मांडलेले विधान, बदलणे. आपल्याकडे याची दोन उदाहरणे नेहमी भेटतात. आस्तिक तुळजापूरची आई नवसाला पावते येथून सुरुवात करतो आणि प्रश्न वाढले की "अहो, ब्रह्म निर्गुण निराकार आहे, त्याला बुद्धी कोठे पोहोचणार" येथे जाऊन पोहोचतो. नास्तिक "देव ही थाप आहे" येथून सुरुवात करतो आणि पुरावा मागितला की "मी फक्त मला पटले नाही एवढेच म्हणतो" असे म्हणून अंग काढून घेतो. प्रतिज्ञा बदलण्यात गुन्हा काही नाही, पण जुनी ओळ खोडून नवी लिहावी आणि जुनी सोडल्याचे तोंडाने सांगावे.

भार कोणाकडे आणि किती

शेताच्या बांधाचा वाद घ्या. शेजाऱ्याने बांध कोरून चार फूट रान आत घेतले असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची आणि मोजणीच्या दिवशी हजर राहायचे. "मी बांध कोरलेला नाही" हे सिद्ध करत शेजाऱ्याने बसायचे नसते. पण तोच शेजारी "हा तुकडा माझ्या आज्याने विकत घेतला होता" असे म्हणाला, की खरेदीखत दाखवण्याची पाळी त्याची. कायद्याचे तत्त्वही हेच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ मध्ये, आणि त्यापूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०१ मध्ये, जो ज्या गोष्टींचे अस्तित्व सांगून न्यायालयाकडे निर्णय मागतो त्याने त्या गोष्टी शाबीत कराव्यात, असे म्हटलेले आहे.

हे तत्त्व आता आपल्या विषयाला लावावे. "विश्वाला कर्ता आहे" असे म्हणणाऱ्यावर सिद्ध करण्याचा भार आहे. "विश्व आपोआप झाले, त्याला कर्ता नाही" असे म्हणणाऱ्यावरही आहे, कारण तेही जगाविषयीचे विधान आहे. "विज्ञानाने देव नाही हे दाखवून दिले आहे" असे म्हणणाऱ्याने विज्ञानाच्या कोणत्या शाखेने आणि कोणत्या निष्कर्षाने ते दाखवले, ते सांगितले पाहिजे. बहुधा त्याला ते सांगता येत नाही. "मला पटलेले नाही" एवढेच म्हणणाऱ्यावर मात्र समोर ठेवलेली कारणे का अपुरी वाटतात, तेवढे सांगण्याची जबाबदारी असते, त्याहून जास्त नाही.

नास्तिकांच्या बाजूने ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची किटली हमखास पुढे येते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे, पण ती इतकी लहान आहे की कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, असे मी म्हणालो तर ते कोणी खोडू शकणार नाही. म्हणून त्यावर विश्वास ठेवावा काय, असा प्रश्न त्यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या एका लेखात केला होता. खोडता येत नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानण्याचे कारण मिळत नाही, इतके या दृष्टांताने नक्की कळते. देव आणि किटली सारखीच, असे मात्र त्यातून निघत नाही. आस्तिक म्हणेल, की किटली असली काय आणि नसली काय, जगाविषयीच्या आपल्या समजुतीत काही फरक पडत नाही, पण कर्ता मानला तर मुळात हे जग आहेच का, या प्रश्नाला उत्तर मिळते. हे उत्तर समाधानकारक आहे की त्याने प्रश्न फक्त एक पायरी मागे जातो, यावर खरा वाद व्हायला हवा. किटलीचे नाव काढून हसणाऱ्याने ही पुढची पायरी गाळलेली असते.

आस्तिकांच्या बाजूचा तितकाच बळकट मुद्दा अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने मांडला आहे. समोरच्या माणसाला मन आहे, कालचा दिवस खरोखर होऊन गेला, या गोष्टी आपण कोणत्याही युक्तिवादाशिवाय मानतो आणि तसे मानण्यात कोणी आपल्याला अविवेकी म्हणत नाही. मग ईश्वरावरील श्रद्धेला तेवढा वेगळा नियम का, असा त्याचा आशय आहे. यावर माझे उत्तर असे, की स्वतःपुरते मानणाऱ्याकडे पुरावा मागायला कोणी जाऊ नये, पण दुसऱ्याकडून काही मागितले की भार येतो. तुम्हीही मान्य करा, वर्गणी द्या, या दिवशी मटण शिजवू नका, अमुक घरात मुलगी देऊ नका, अशी मागणी श्रद्धेच्या आधाराने झाली तर मागणाऱ्याला कारण द्यावे लागेल. उलट बाजूने, आजीने देव्हारा काढून टाकावा अशी मागणी करणाऱ्या नातवालाही ते द्यावे लागेल.

किती पुरावा पुरेसा, हेही आधीच ठरवावे. दिवाणी दाव्यात ज्याचे पारडे जड त्याच्या बाजूने निकाल जातो, फौजदारी खटल्यात वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे हा सदैव दोष आहे, असे इंग्रज गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये म्हटले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये त्यांना उत्तर दिले, की जेथे निवड टाळता येत नाही, ती महत्त्वाची आहे आणि बुद्धीने तिचा निकाल लागू शकत नाही, तेथे मनाचा कौल घेण्याचा माणसाला अधिकार आहे. आपल्या वादात कोणते माप वापरायचे ते दोघांनी ठरवावे आणि प्रत्येकाने वहीत आणखी एक ओळ लिहावी: काय दिसले तर माझे मत बदलेल. ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्याच्याशी वाद करण्यात वेळ घालवू नये, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

न दिसण्याचा अर्थ

"दिसत नाही म्हणून नाही" आणि "दिसत नसले तरी आहे" या दोन वाक्यांवर तासन्‌तास जातात. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने (वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने) आणि अद्वैत वेदान्ताने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे, पण त्याला एक महत्त्वाची अट घातली आहे: ती वस्तू तेथे असती तर आढळली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही असे ठरते; अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही.

ही अट दोन्ही बाजूंना कापते. देव इंद्रियांपलीकडचा आहे असे ज्याचे म्हणणे, त्याला "मग दिसत का नाही" असे विचारण्यात अर्थ नाही. पण त्याच माणसाने नंतर पाऊस, परीक्षेतले यश किंवा दुरुस्त झालेला आजार पुरावा म्हणून पुढे करू नये, कारण देवाचे असणे जगात आढळते असे त्याने मानले, की न आढळलेल्या वेळाही मोजाव्या लागतात.

कोणती प्रमाणे चालतील

प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष (इंद्रियांनी कळणे), अनुमान (तर्काने कळणे) आणि शब्द (विश्वासार्ह वचनाने कळणे) यांपैकी कशाला मान्यता, हे ठरले नाही तर एक जण ओव्या सांगतो, दुसरा प्रयोगशाळा सांगतो आणि दोघेही आपण जिंकलो असे समजून घरी जातात. ग्रंथवचन हे प्रमाण म्हणून तेव्हाच चालते, जेव्हा समोरचाही तो ग्रंथ मानतो. कुराण, गुरुग्रंथसाहिब आणि ज्ञानेश्वरी या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. निरीश्वरवाद ही परदेशातून आलेली गोष्ट आहे, असे आस्तिक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांना जगाचा कर्ता असलेला ईश्वर लागत नाही. सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. चार्वाकांचे तर सर्वांना माहीत आहेच. वेरूळला जाऊन पाहावे: ३४ लेण्यांपैकी १२ बौद्ध, ५ जैन आणि १७ ब्राह्मणी परंपरेची आहेत. बौद्ध आणि जैन हे दोघेही सृष्टिकर्ता मानत नाहीत, म्हणजे त्या डोंगरातली बरोबर निम्मी लेणी कर्त्यावाचून जगाचा विचार करणाऱ्यांसाठी खोदली गेली. दुसरीकडे, ईश्वर मानणारे सगळे भाबडे असतात असे समजणाऱ्या नास्तिकाने उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली निदान नावाने तरी ऐकलेली असावी. घडा हे कार्य आहे आणि त्याला कर्ता आहे, पृथ्वी वगैरेही कार्य आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे, हा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचा, युक्तिवाद तेथे पूर्ण शक्तीनिशी आला आहे. आणि त्याला जोरदार विरोध करणाऱ्यांत रामानुजाचार्यांसारखे परमभक्तही आहेत. ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रानेच कळतो, असे त्यांचे म्हणणे. घड्याच्या कर्त्याला हातपाय असतात आणि मोठे बांधकाम अनेक जण मिळून करतात, मग या न्यायाने जगाचा कर्ताही देहधारी किंवा अनेक का नसावेत, हा आक्षेप जुना आहे आणि आजही त्याचे उत्तर द्यावेच लागते.

पावसाचे उदाहरण

नुसत्या नियमांनी हात बसत नाही, म्हणून एक छोटा प्रसंग कल्पू. पाऊस लांबला की काही गावांत महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवून ठेवतात. अशाच एका गावातले माळकरी नाना आणि त्यांचा शहरात शिकणारा पुतण्या बोलत आहेत.

"नाना, पिंड बुडवली म्हणूनच पाऊस आला म्हणता?"

"म्हणतो की. चौथ्या दिवशी आला."

"बुडवूनबी आला नाही, असं कधी झालं का?"

"झालं की. पण तवा गाभाऱ्यातलं पाणी झिरपून पिंड उघडी पडली होती."

"आन्‌ बुडवली नाही तरी आला, असं?"

"लेकरा, तसा तर दरसाल येतोय."

पुतण्याने येथे काही सिद्ध करण्याचा प्रयत्न केलेला नाही. त्याने फक्त न मोजलेले रकाने विचारले आहेत. पिंड बुडवली आणि पाऊस आला, बुडवली आणि आला नाही, बुडवली नाही आणि आला, बुडवली नाही आणि आलाही नाही, असे चार रकाने भरल्याशिवाय संबंध आहे की नाही ते कळत नाही. शिवाय हा उपाय पाऊस बराच लांबल्यावर, म्हणजे एरवीही तो येण्याची शक्यता असते अशा दिवसांत केला जातो. नानांचे झिरपण्याचे उत्तर हा या संवादातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फसलेल्या प्रत्येक वेळेला एक कारण तयार असेल तर ते विधान कधीच खोटे ठरू शकत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही त्याला यशस्वी वेळेचे श्रेयही घेता येत नाही.

पण पुतण्याने आणखी एक वाक्य मोठ्याने म्हणायला हवे: यातून महादेव नाही असे ठरलेले नाही, पिंड बुडवण्याचा आणि पावसाचा संबंध दिसत नाही एवढेच ठरले आहे. हे न म्हणता तो विजयी चेहऱ्याने उठला तर त्याने स्वतःच्या विधानाचा भार नानांच्या पाठीवर टाकल्यासारखे होईल. आणि नाना कदाचित म्हणतील, की आम्ही पावसाला हुकूम सोडत नाही, विनवणी करतो, सगळे गाव एका ठिकाणी जमते, तेवढाच धीर येतो. हे वेगळे विधान आहे, ते बहुधा खरेही आहे, आणि त्यावर पुतण्याने गप्प बसावे हे बरे.

किल्लारी

जगात दुःख आहे, म्हणून दयाळू आणि सर्वशक्तिमान देव नाही, हा युक्तिवाद मराठवाड्यात कोणी काढला की दुसऱ्या वाक्यात किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हे उदाहरण वादात वापरू नये असे मी म्हणणार नाही, पण वापरण्यापूर्वी समोर कोण बसले आहे ते पाहावे. ज्याच्या घरातली माणसे त्या रात्री गेली, त्याच्यासमोर हे उदाहरण नास्तिकाने गुण मिळवण्यासाठी आणि आस्तिकाने "पूर्वकर्म" म्हणून उच्चारणे सारखेच अशोभनीय आहे.

या युक्तिवादात भार कसा सरकतो, ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. विसंगती आहे असे नास्तिक म्हणतो, म्हणून पहिला भार त्याचा. सर्वशक्तिमान असणे, दयाळू असणे आणि असे दुःख असणे या तीन गोष्टी एकत्र का नांदू शकत नाहीत, हे त्याने दाखवले पाहिजे. त्यावर आस्तिकाने "यामागे काही हेतू असेल, तो आपल्याला कळत नाही" एवढेच म्हटले तर त्याने विसंगती टाळली आहे, पण नवे काही सांगितलेले नाही. तो "हे पापाचे फळ आहे" असे म्हणाला, की त्याने नवे विधान केले आणि भार त्याच्याकडे गेला: कोणाचे पाप, पाळण्यातल्या मुलाचे कोणते, आणि हे कोणत्या प्रमाणाने कळले? १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले. अस्पृश्यतेला तितकाच विरोध असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला, कारण भौतिक घटनेला नैतिक कारण जोडण्याची ही रीत त्यांना अवैज्ञानिक वाटली. हेतू उदात्त असला म्हणून भार हलका होत नाही, हे या प्रसंगावरून दिसते. किल्लारीपुरते बोलायचे तर इतकी माणसे का गेली, याचे बरेचसे उत्तर जाड, जड आणि नीट न बांधलेल्या भिंतींत मिळते.

अनुभव आणि चमत्कार

वारीत चालताना, कीर्तनात रंगल्यावर किंवा मोठ्या दुखण्यातून उठल्यावर देव जवळ असल्याचा अनुभव आला, असे कोणी सांगितले तर त्याला खोटे ठरवण्याचा प्रयत्न नास्तिकाने करू नये. तो अनुभव त्याच्यापुरता पुरावा आहे, पण तो दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. नांदेडच्या हजूर साहिबात, खुलताबादच्या दर्ग्यात आणि तुळजापूरच्या गाभाऱ्यात माणसांना अनुभव येतात. ते सगळे प्रामाणिक असू शकतात, तरी देवाचे स्वरूप प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगितले जाते, म्हणून केवळ अनुभवाच्या जोरावर त्यांतले एकच स्वरूप खरे ठरवता येत नाही. नास्तिकाकडून येथे होणारी घाई अशी, की मेंदूत काय घडते ते सांगितले म्हणजे अनुभव खोटा ठरला असे तो समजतो. झाड दिसतानाही मेंदूत काहीतरी घडतेच. त्याने झाड खोटे ठरत नाही.

चमत्कारांबाबत विधाने सुटी करावीत. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा घ्या. ती घटना घडली, ती ईश्वरी सामर्थ्याने घडली, आणि म्हणून ज्ञानेश्वरांचे तत्त्वज्ञान खरे आहे, ही तीन विधाने आहेत. तिसरे पहिल्यावर अवलंबून नाही. ज्ञानेश्वरीतला विचार पटायला रेडा बोलावाच लागतो असे मानणे हा त्या ग्रंथाचा फारसा सन्मान नव्हे. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव यांच्या नावावरच्या एका अभंगात तर दगडाचा देव भक्ताशी बोलतो असे सांगणारा आणि ते ऐकणारा, या दोघांनाही मूर्ख म्हटले आहे. चिकित्सा म्हणजे संतांशी वैर, असे म्हणणाऱ्याला एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

जाहीर कार्यक्रम असेल तर

जाहीर वादात कायद्याच्या नावाने दोन्ही बाजू एकमेकांना भीती घालतात, म्हणून थोडक्यात. संविधानाचे अनुच्छेद २५ श्रद्धेचे आणि सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, अनुच्छेद ५१क वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कर्तव्य मानते. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावनांचा बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हा गुन्हा मानते. सभ्य भाषेतले मतखंडन त्यात येत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा देव मानण्याला हात लावत नाही, आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि "परमेश्वराला रिटायर करा" असे म्हणणारे डॉ. श्रीराम लागू हे एकाच व्यासपीठावरून याच प्रश्नावर जाहीरपणे मतभेद मांडत असत. एकाच चळवळीतल्या दोघांचे या प्रश्नावर एकमत नव्हते आणि त्यांनी ते लपवले नाही. असा कार्यक्रम ठेवू इच्छिणाऱ्यांनी हा नमुना पाहावा.

बोलण्याचा क्रम ठरवताना पूर्वपक्षाची जुनी रीत पाळावी. प्रत्येक वक्त्याने आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे, समोरच्याने "हो, हेच माझे म्हणणे" असे कबूल करावे आणि मगच उत्तराला सुरुवात व्हावी. पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' या भारुडात दोघांना एकमेकांच्या धर्मातली उणी-दुणी मनसोक्त काढू दिली आहेत आणि तरीही शेवटी त्यांची गळाभेट घडवली आहे. कोणाचीही बाजू कच्ची करून न मांडल्यामुळेच तो शेवट पटतो.

शाळा-महाविद्यालयाच्या स्पर्धेत मात्र बक्षीस द्यावेच लागते, आणि तेथे परीक्षक बहुधा आवाजाला आणि कवितेच्या ओळींना गुण देतात. शंभरपैकी निदान चाळीस गुण पूर्वपक्ष बरोबर मांडण्यासाठी ठेवावेत, विधान बदलल्याची कबुली न देता बदलणाऱ्याचे दहा कापावेत, आणि वहीच्या त्या पानावर शेवटी जे विधान जसेच्या तसे उरले असेल ते सूत्रसंचालकाने निकालाआधी मोठ्याने वाचून दाखवावे.